वेइन्तिसिएते म्हणजे सत्तावीस

क्रायोस्टॅट म्हणजे एक शीतपेटी. आत उणे वीस अंशांची थंडी आणि एक धारदार पातं, बाहेर हाताने फिरवायचं चाक. उंदराचा गोठवलेला मेंदू आत चढवायचा आणि चाक फिरवायचं, की चाळीस मायक्रॉन जाडीचा काप पात्यावर उतरतो. तो कुंचल्याने उचलून द्रावणाच्या खळग्यात सोडायचा. मग पुढचा. काप मोजत राहावं लागतं, कारण मेंदूच्या आत आपण कुठवर आलो हे त्या मोजणीवरूनच कळतं. मोजणी चुकली की पत्ता चुकला.

२०२२च्या जूनमध्ये, उन्हाळ्यापुरती आमच्या लॅबमध्ये आलेली एक विद्यार्थिनी त्या यंत्रापाशी बसली होती. पोर्तो रिकोची, म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावरची, वीस वर्षांची, पदवीची तीन वर्षं झालेली. मी मागून जात होते आणि ती ओठांतल्या ओठांत स्पॅनिशमध्ये पुटपुटत होती: वेइन्तिसेइस, वेइन्तिसिएते, वेइन्तिओचो. माझे पाय थबकले. अमेरिकेत चौदा वर्षं झाली, शोधनिबंध इंग्रजीत लिहिले, भांडलेसुद्धा इंग्रजीत, पण त्या यंत्रापाशी बसले की अजूनही मी सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस असंच मोजते. दुसऱ्या भाषेत मोजायला गेले तर माझा काप चुकतो.

मी मागे उभी आहे हे तिच्या लक्षात आलं. "सॉरी, डॉक्टोरा," म्हणाली आणि लगेच इंग्रजीत मोजायला लागली. मी नुसती हसले आणि पुढे गेले. तेव्हाच तिथे थांबून बोलायला हवं होतं.

न्यूरोसायन्समध्ये करिअर करू पाहणाऱ्या हिस्पॅनिक मुलामुलींसाठी अमेरिकेत ज्या योजना आहेत, किंवा होत्या म्हणूया, त्यांच्यातून दरवर्षी एखाददुसरं मूल आमच्याकडे येई. 'हिस्पॅनिक' हा शब्द अर्जातल्या एका चौकोनात मावतो, माणसं मावत नाहीत. सीमेवरच्या एल पासोमध्ये वाढलेली मेक्सिकन वंशाची मुलगी, मायामीतला क्युबन आजोबांचा नातू आणि बेटावरून विमानात बसून आलेली ही, या तिघांना जोडणारा धागा म्हणजे स्पॅनिश, आणि तोही कुणाकडे घट्ट, कुणाकडे सुटत चाललेला. पोर्तो रिकोच्या लोकांना १९१७ पासून अमेरिकेचं नागरिकत्व आहे, पण तिथली शाळा, बाजार, वर्ग, सगळं चालतं स्पॅनिशमध्ये. म्हणजे ही मुलगी देश न बदलता परदेशी आली होती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी, म्हणजे एनआयएचने, २०१० मध्ये खास न्यूरोसायन्ससाठी 'एन्ड्युअर' नावाची योजना काढली. ज्या समाजांतून या विषयात फार कमी लोक येतात त्यांच्यातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना दोन वर्षं धरून ठेवायचं, पगारी संशोधन द्यायचं, उन्हाळ्यात दुसऱ्या मोठ्या विद्यापीठात पाठवायचं आणि पीएचडीच्या दारापर्यंत सोबत करायची, असं तिचं स्वरूप. पोर्तो रिको विद्यापीठाच्या रिओ पिएद्रास इथल्या परिसरात ती 'न्यूरोआयडी' या नावाने चालली.

यातला 'पगारी' हा शब्द मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

पीएचडीला प्रवेश देताना समिती विचारते, संशोधनाचा अनुभव किती? तो अनुभव मिळतो लॅबमध्ये फुकट काम करून. फुकट काम करू शकतो तो, ज्याचं खोलीभाडं दुसरं कुणी भरतं. उरलेली मुलं त्याच वेळात सुपरमार्केटच्या गल्ल्यावर उभी असतात. दोघं समितीसमोर आले की एकाच्या अर्जात दोन वर्षांची लॅब दिसते आणि दुसऱ्याच्या अर्जात काहीच दिसत नाही. गल्ल्यावरचे तास कुणी मोजत नाही. हा भेद बुद्धीचा नाही, पण कागदावर तो बुद्धीचा दिसतो. मी स्वतः त्या समितीत बसले आहे, आणि सुरुवातीची काही वर्षं मलाही तो तसाच दिसला. पुण्यात एमएस्सी करताना मी संध्याकाळी नववी-दहावीच्या शिकवण्या घ्यायचे म्हणून सरांच्या लॅबमध्ये थांबू शकत नव्हते, हे मी किती सहज विसरले होते! स्टायपेंड म्हणजे बक्षीस नव्हे. त्या पैशाने विद्यार्थ्याचे तास विकत घेऊन त्याच्याच हातात परत दिले जातात.

पण मला सांगायचं आहे ते पैशाच्याही पलीकडचं. ते मी या मुलीकडून शिकले, आणि माझ्या चुकीतून शिकले.

दर गुरुवारी आमची लॅबची बैठक होते. दहा-बारा जण, कुणीतरी आपले निकाल दाखवतं, बाकीचे मधेच तोडून प्रश्न विचारतात. मधेच तोडणं हे तिथे हुशारीचं लक्षण मानलं जातं. ही मुलगी चार आठवडे एक शब्द बोलली नाही. हात वर करायची आणि कुणी पाहायच्या आत खाली घ्यायची. पाचव्या आठवड्यात योजनेकडून मूल्यमापनाचा फॉर्म आला. हाताचं कौशल्य: उत्तम. वेळेची शिस्त: उत्तम. पुढाकार: कमी. तो 'कमी' मी लिहिला, फारसा विचार न करता, चहा पिता पिता.

त्याच आठवड्यात आमचे आकडे जुळेनात. प्रयोग असा होता की मेंदूच्या एका अर्ध्या भागात बारीक सुईने विषाणूमार्फत एक जनुक सोडायचं आणि दुसरा अर्धा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. द्रावणात तरंगताना काप उलटसुलट होतात, मग डावं-उजवं कळत नाही. म्हणून आधीच तुलनेच्या बाजूला सुईने एक छोटं भोक पाडून ठेवायचं. भोक दिसलं की ती बाजू कोरी. साधी युक्ती आहे, जगभरच्या लॅब वापरतात. आमच्या आठ मेंदूंपैकी सहांत निकाल स्पष्ट होता आणि दोनांत नेमका उलटा. आमच्या पोस्टडॉकने, म्हणजे पीएचडीनंतर लॅबमध्ये संशोधन करणाऱ्या सहकाऱ्याने, तीन दिवस आकडेमोड केली. मी मनातल्या मनात निकाल सोडून द्यायच्या तयारीला लागले होते.

शुक्रवारी संध्याकाळी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. हातात वही. म्हणाली, "डॉक्टोरा, कदाचित मला चुकीचं वाटत असेल." वहीत जूनच्या दुसऱ्या आठवड्यातलं पान. कापाचं पेन्सिलने काढलेलं सुरेख चित्र, त्यात भोक, आणि भोकाच्याच बाजूला जनुक सोडणाऱ्या सुईची पुसट वाट. शेजारी मोठं प्रश्नचिन्ह आणि तीन शब्द: इस्किएर्दा ओ देरेचा? डावी की उजवी?

त्या दोन मेंदूंमध्ये भोकच चुकीच्या बाजूला पडलं होतं. तिने ते पहिल्याच दिवशी पाहिलं होतं.

मी ती वही मागून घेतली आणि रात्री उघडून बसले. मला स्पॅनिश येत नाही, पण प्रश्नचिन्ह कुठल्याही भाषेत वाचता येतं, आणि स्पॅनिशमध्ये तर ते वाक्याच्या सुरुवातीलाही उलटं करून घालतात. पानापानावर होती ती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बसून एकेक प्रश्न इंग्रजीत आणत गेलो. गुरुवारच्या बैठकांमध्ये जे प्रश्न कुणीतरी विचारले आणि शाबासकी मिळवली, त्यांतले निम्मे तिच्या वहीत त्याच दिवशीच्या तारखेला होते. जे कुणीच विचारले नाहीत असे आणखी कितीतरी. पुढाकार होता, पण माझ्या कानांना ऐकू येईल अशा भाषेत नव्हता.

मी बार्शीच्या मराठी शाळेत शिकले. पेशी, तंतुकणिका, हरितलवक, चेतापेशी. दहावीला विज्ञानात वर्गात पहिली. अकरावीला सोलापूरला गेले आणि पहिल्याच तासाला सरांनी मायटोकाँड्रिया म्हणजे काय ते विचारलं. मला ठाऊक होतं. पेशीचं ऊर्जाकेंद्र, आतल्या पडद्याच्या घड्या, सगळं. फक्त तिचं इंग्रजी नाव ठाऊक नव्हतं. मी खाली पाहत उभी राहिले. सरांनी शेजारच्या मुलीला विचारलं, तिने पाठ केलेलं एक वाक्य म्हटलं आणि सर "व्हेरी गुड" म्हणाले. तंतुकणिकेलाच इंग्रजीत मायटोकाँड्रिया म्हणतात हे मला मधल्या सुट्टीत कळलं. ज्या मुलीबरोबर हे घडलं होतं, तीच तीस वर्षांनी चहा पिता पिता दुसऱ्या मुलीच्या फॉर्मवर 'कमी' लिहीत होती. मी तो फॉर्म परत मागवला आणि नव्याने भरला. पण आपण हे इतक्या सहज केलं, हे मनातून जात नाही.

आणि विषय कुठला, तर न्यूरोसायन्स, ज्याचा पायाच स्पॅनिशमध्ये घातला गेला! मेंदू म्हणजे एक अखंड जाळं नसून वेगवेगळ्या पेशींनी बनलेला आहे, हे दाखवणारे सांतियागो रामोन इ काहाल हे स्पेनमधल्या एका खेड्यात जन्मलेले. १८८८ मध्ये बार्सिलोनात त्यांनी पदरमोड करून स्वतःचं त्रैमासिक काढलं, स्पॅनिशमध्ये, पहिल्या अंकाच्या ६० प्रती. युरोपात ते वाचणार कोण? पुढच्या वर्षी ते आपले मायक्रोस्कोप आणि काचपट्ट्या घेऊन बर्लिनच्या शरीररचनाशास्त्रज्ञांच्या परिषदेला गेले आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये लोकांना बोलावून बोलावून दाखवू लागले. त्या काळचे बुजुर्ग शास्त्रज्ञ कोलिकर मायक्रोस्कोपावर वाकले, आणि त्यांनी पाहिलं. पुढे काहालचं लेखन वाचता यावं म्हणून कोलिकर उतारवयात स्पॅनिश शिकले असं सांगतात. १९०६ मध्ये काहालना नोबेल मिळालं, कॅमिलो गॉल्जींबरोबर विभागून. अखंड जाळ्यावर ठाम असलेल्या गॉल्जींबरोबरच.

या गोष्टीत सगळे काहालचं कौतुक करतात. मला अलीकडे कोलिकर जास्त आठवतात.

तिला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, काहालची चित्रं शाळेत पाहिली होती, पण त्यांनी ती माझ्या भाषेत समजावली होती हे कुणी बोललंच नव्हतं. पुढच्या गुरुवारी आम्ही एक बदल केला. प्रश्न बैठकीआधी लिहून द्यायचे, हव्या त्या भाषेत, आणि पहिली दहा मिनिटं ते वाचायला. आमच्याकडे त्यावेळी मँडरिन, हिब्रू, स्पॅनिश आणि मराठी अशा चार मातृभाषा होत्या. बैठका लांबल्या. काहींना ते आवडलं नाही. मी बदल मागे घेतला नाही.

उन्हाळा संपताना ती पीएचडीच्या अर्जाविषयी बोलायला आली, पण अर्जाआधी बोलणं झालं वडिलांचं. त्यांनी फोनवर विचारलं होतं, आणखी पाच-सहा वर्षांची फी कशी भरायची? अमेरिकेत या विषयातल्या पीएचडीला फी माफ असते आणि वर दरमहा स्टायपेंड मिळतो हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आई विचारत होती, डॉक्टरच व्हायचं तर खरी डॉक्टर का नाही होत? आजी म्हणत होती, इतक्या लांब एकटी राहणार? मी ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर आमचं बार्शीचं माजघर होतं. मी तिला सांगितलं, वडिलांना माझ्याशी बोलायचं असेल तर मी बोलेन. ते बोलले. मुलगी दुभाषी. शेवटी त्यांनी एकच विचारलं, तुमचे वडील तुम्हाला भेटतात का? मी खरं सांगितलं, वर्षातून एकदा. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग ते म्हणाले, आमचं विमान चार तासांचंच आहे.

२०२३च्या जानेवारीत मी बेटावर गेले. तिच्या प्राध्यापकांनी बोलावलं होतं. रिओ पिएद्रासच्या त्या परिसरात समुद्रकाकडीवर वर्षानुवर्षं काम चाललेलं आहे. किनाऱ्यावरच्या खडकांत राहणारा हा लिबलिबीत जीव धोक्यात आपलं आतडंच बाहेर टाकून देतो आणि काही आठवड्यांत नवं वाढवतो. त्याच्या चेतातंतूंची दोरी कापली तरी पुन्हा जुळते. माणसाला जे जमत नाही ते तिथल्या खडकाखालच्या प्राण्याला कसं जमतं, हा प्रश्न घेऊन पदवीची मुलं भरती-ओहोटीच्या वेळा बघून पाण्यात उतरतात. कुठल्याही मोठ्या विद्यापीठाकडून उसना न घेतलेला, त्यांच्याच किनाऱ्यावरचा प्रश्न. प्रशिक्षण म्हणजे मुलांना मुख्य भूमीवरच्या लॅबसाठी तयार करणं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तिथे मला पहिल्यांदा वाटलं की आपण त्यांना जे देतो त्यापेक्षा ती आपल्याकडे काय घेऊन येतात हे विचारायला हवं होतं.

जुन्या सान हुआनमध्ये समुद्राच्या तटबंदीलगत न्यूरोबायोलॉजीची संस्था आहे. ती १९६७ मध्ये होसे देल कास्तियो यांनी उभी केली. १९५० च्या दशकात लंडनमध्ये बर्नार्ड कात्झ यांच्याबरोबर काम करताना, चेतापेशी आपलं रसायन ठरावीक मापाच्या पुड्यांनी सोडते हे ज्यांनी दाखवलं, ते हे देल कास्तियो. आणि दक्षिणेकडे पोन्से शहरात ग्रेगरी क्वर्क यांच्या लॅबमधून २००२ मध्ये एक निबंध निघाला होता, जो मी विद्यार्थी असताना पाठच केला होता. उंदराला एका स्वराबरोबर सौम्य झटका दिला की तो नुसत्या स्वरालाही थिजतो. नंतर झटक्याशिवाय स्वर पुन्हा पुन्हा ऐकवला की भीती ओसरते. ती पुसली जात नाही. तिच्या शेजारी 'आता धोका नाही' अशी दुसरी आठवण तयार होते, आणि ती आठवताना मेंदूच्या पुढच्या भागातल्या विशिष्ट पेशी बोलू लागतात. ते काम पोन्सेतलं आहे हे मला निबंध पाठ असूनही कधी जाणवलं नव्हतं. पत्त्याची ओळ मी वाचलीच नव्हती.

तिचं गाव पूर्व किनाऱ्याकडे. तिचे वडील आम्हाला पुंता सांतियागोला घेऊन गेले. समोर पाण्यात हिरवं-तपकिरी छोटं बेट, कायो सांतियागो. तिथे माणसांना राहायला परवानगी नाही, माकडांचीच वस्ती. १९३८ मध्ये क्लेरन्स कार्पेंटर या शास्त्रज्ञाने ४०९ लाल तोंडाची माकडं जहाजाने तिथे आणली. कुठून? भारतातून. आज तिथे आहेत ती सगळी त्यांचीच पिल्लावळ, आणि पिढ्यान् पिढ्या त्यांच्या नोंदी ठेवलेल्या आहेत. वडील हसत म्हणाले, तुमचेच लोक. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळाने बेटावरची बहुतेक झाडं नेली. सावली उरली नाही, आणि एरवी एकमेकांना जवळ न येऊ देणारी ती भांडखोर माकडं उरल्यासुरल्या सावलीत शेजारी शेजारी बसू लागली. त्यावर पुढे महत्त्वाचं संशोधन झालं. माझी विद्यार्थिनी तेव्हा पंधरा वर्षांची होती. घरात कित्येक महिने वीज नव्हती, बर्फासाठी रांग असे, आणि ती रांगेत गोष्टीची पुस्तकं वाचायची. शेजारी कोण कुणाशी बोलायला लागलं हे मला तेव्हा सगळं पाठ होतं, म्हणाली. मेंदूचा अभ्यास करावा असं पहिल्यांदा त्या रांगेत वाटलं.

परतताना एका विजेच्या तारेवरून एक राखाडी पक्षी उडाला आणि मोठ्या ससाण्याच्या पाठीमागे लागला. आपला कोतवाल घारीला पिटाळतो तसाच. त्याला तिकडे पितिर्रे म्हणतात, आणि प्रत्येक ससाण्याला त्याचा पितिर्रे भेटतोच अशी त्यांची म्हण आहे.

ती २०२३ मध्ये पीएचडीला लागली, मुख्य भूमीवर, स्वतः निवडलेल्या गाईडकडे. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने अशा प्रशिक्षण योजनांपैकी कित्येक बंद केल्या. १९७० च्या दशकापासून चालत आलेली 'मार्क'सुद्धा. ज्यांच्यामुळे हजारो मुलं संशोधनात आली, त्या योजना काही आठवड्यांत गेल्या. मला त्याचा राग आहे, आणि तो मी लपवत नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या लॅबमध्ये बेटावरून कुणी आलं नाही. क्रायोस्टॅटपाशी माझा पोस्टडॉक बसतो, तो मनात मोजतो.

जुलैत तिचा फोन आला. तिच्या जुन्या कॉलेजमधल्या पाच मुलामुलींना तिने शनिवारी सकाळी ऑनलाइन जमवलं आहे, एक निबंध वाचायला. स्पॅनिशमध्ये. २००६ मध्ये दानिएल कोलोन-रामोस यांनी सुरू केलेल्या 'सिएन्सिया पोर्तो रिको' या संस्थेने आपल्या भाषेत, आपल्या मातीतल्या उदाहरणांनी विज्ञान बोलायची वाट पाडून ठेवलीच होती. तिने आपला छोटा फाटा काढला. तुम्ही याल का, डॉक्टोरा, असं विचारलं. मला कळणार काय, मी म्हटलं. ती म्हणाली, आम्ही तुमच्या बैठकीत तसेच बसायचो.

मी गेले. पहिला निबंध पोन्सेचाच होता. पत्त्याची ओळ सगळ्यांत आधी वाचली गेली, मोठ्याने. पुढचा तासभर मला चित्रं, आकडे आणि अधूनमधून एखादा लॅटिन शब्द एवढंच हाताशी लागत होतं. एका मुलाचा कॅमेरा बंद होता, मागे कोंबडा आरवत होता. शेवटी एका मुलीने स्क्रीनवर मेंदूच्या कापाचं चित्र मोठं केलं, बोट ठेवलं आणि काहीतरी घाईघाईने विचारलं. बाकीचे गप्प झाले. माझी विद्यार्थिनी चित्राकडे वाकून पाहू लागली. त्या प्रश्नातला एकच शब्द मला कळला होता, इस्किएर्दा. मीही चष्मा वर सारून वाकले आणि भोक शोधू लागले.